आर्मी एसएससीमधून फॉरेन सर्व्हिसमध्ये जायचंय, सरळ रस्ता आहे का? (घर ठाणे)

कोपरीचा_कॅप्टन

नमस्कार मंडळी. घर ठाणे पूर्वेला, कोपरीत. सध्या पोस्टिंग बाहेर आहे, कुठे ते विचारू नका. ओटीए (ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी) चेन्नईतून एसएससी, म्हणजे ठराविक वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस कमिशन, सहावं वर्ष चालू आहे, पुढच्या महिन्यात २९ लागेल, खुला गट.

तर झालं असं की मागे पुण्याला औंधमध्ये एका जॉइंट एक्सरसाइजला मला लायझन ऑफिसर म्हणून लावलं होतं. म्हणजे परदेशी तुकडीची ऊठबस, त्यांचं जेवणखाण, कोणाचा सॅल्यूट आधी आणि कोणाचा झेंडा कुठे इथपासून ते त्यांच्या कर्नलला आपल्या ब्रिगेडिअरचं बोलणं नीट पोचलं की नाही इथपर्यंत सगळं माझ्याकडे. सीओ (युनिटचे प्रमुख) म्हणाले तुला हे जमतं रे. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय की आपण आयएफएसकडे, म्हणजे फॉरेन सर्व्हिसकडे, का जाऊ नये. मेसमध्ये विचारलं तर अर्धे म्हणतात फौजवाल्यांना थेट घेतात, जनरल लोक राजदूत होतातच की, आणि अर्धे म्हणतात विसर, यूपीएससी दे नाहीतर गप बस.

माझे प्रश्न असे की एक तर थेट एंट्री खरंच आहे का, दुसरं म्हणजे वयाची सवलत माझ्यासारख्याला कशी लागते, आणि इथली सर्व्हिस तिथे सीनिऑरिटीत धरतात का. शिवाय डिफेन्स अटॅशे नावाचं एक प्रकरण असतं, तो मार्ग बरा का? होणारी बायको ऐरोलीला आयटीत आहे, तिचाही विचार करायचाय. बाबांचं मत असं की वर्दी उतरवून फायली कशाला उचलतोस. कोणी या वाटेने गेलेलं किंवा जवळून बघितलेलं असेल तर लिहा प्लीज.

घोडबंदर_लोकल

कॅप्टन, थेट एंट्री नाही. आता नाही. मेसमधल्या गप्पा जुन्या काळच्या आहेत आणि त्यात थोडं तथ्य आहे म्हणून त्या अजून टिकल्यात. १९६२ नंतर जे इमर्जन्सी कमिशनवाले ऑफिसर भरती झाले होते त्यांना सोडताना आयएएस, आयएफएस वगैरेंत काही जागा राखीव ठेवल्या होत्या, साठच्या दशकाच्या शेवटी ते चाललं, मग ते पर्व संपलं. आज दरवाजा एकच, सिव्हिल सर्व्हिसेस परीक्षा. प्रीलिम, मेन्स, इंटरव्ह्यू.

वयाचं बघा. खुल्या गटाला परीक्षेच्या वर्षी १ ऑगस्टला ३२ पूर्ण झालेली नसावीत. तुम्ही अजून त्यात बसता, म्हणजे सवलतीशिवायही तुमच्याकडे दोन-तीन वर्षं आहेत. सवलत पाच वर्षांची आहे, पण तिचा मजकूर नीट वाचा, इथेच लोक गडबडतात. किमान पाच वर्षं सर्व्हिस झालेली हवी आणि असाइनमेंट (नोकरीची ठरलेली मुदत) पूर्ण होऊन सुटलेलं हवं, किंवा वर्षभरात पूर्ण होणारी हवी. मुदत वाढवून घेतलेली असेल तर संरक्षण मंत्रालयाचं सर्टिफिकेट लागतं की बाबा याला सिव्हिल नोकरीला अर्ज करायला हरकत नाही आणि निवड झाली तर तीन महिन्यांच्या नोटिशीवर सोडू. आता तुम्ही मधेच राजीनामा टाकून बाहेर पडलात तर तुमचा कागद या वाक्यात बसतो का, हे फॉर्म भरायच्या आधी आर्मी हेडक्वार्टरकडून लेखी घ्या, तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

आणि अजून एक, वयाची सवलत म्हणजे प्रयत्नांची सवलत नाही. खुल्या गटाला सहा अटेम्प्ट ते सहाच. प्रीलिमचा एक पेपर दिला तरी अटेम्प्ट धरला जातो, त्यामुळे "सहज बसून बघतो" असं करू नका.

आयएफएसला दरवर्षी जागा मोजक्याच, काही वर्षी तीस-चाळीस, अलीकडे पन्नासच्या आसपास. सगळे गट धरून. त्यामुळे खुल्या गटातून वरच्या रँकमध्ये यावं लागतं, आयपीएस किंवा रेव्हेन्यू मिळण्याइतकी रँक आली आणि आयएफएस हुकलं असं दर वर्षी कितीतरी जणांचं होतं. ते चालणार असेल तरच उतरा.

बेलापूरचा_बंड्या

हातात ग्लास घेऊन उभं राहायची नोकरी हवीय सरळ सांगा ना 😄 मेसमध्ये पण तेच करता की

खारघर_रिटायर्ड

बंड्या, तू कधी नॅशनल डेच्या रिसेप्शनला सेरेमोनियल ड्रेस घालून तीन तास दारात उभा राहिलायस का? पाय मोडतात. असो.

कॅप्टन, मी इन्फंट्रीचा, कर्नल म्हणून निवृत्त, नोकरीत एका वकिलातीत संरक्षण विभागात काम केलंय. देश सांगत नाही. वयाने मोठा आहे म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

अटॅशेबद्दल आधी. डिफेन्स अटॅशे हा फौजेचाच माणूस असतो, राजदूताच्या हाताखाली बसतो पण त्याचे रिपोर्ट दिल्लीत डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सीकडे जातात, म्हणजे दोन मालक. दोघांना खूश ठेवायचं, आणि दोघांचं एकमेकांशी जमेलच असं नाही. काम काय, तर यजमान देशाच्या सैन्यात कोण वर चाललंय कोण खाली, कुठली खरेदी होतेय, आपल्या कोर्सना त्यांचे किती ऑफिसर येणार, आपलं जहाज त्यांच्या बंदराला लागणार असेल तर पाणी, डिझेल, कचरा, क्रूची किनाऱ्यावरची सुट्टी, सगळ्या परवानग्या. एकदा आपला सरावाचा काही माल त्यांच्या कस्टममध्ये अडकला होता, कारण कागदावर एका खोक्याचं वजन आणि प्रत्यक्ष वजन जुळेना. मी आठवडाभर एका गोदामात एका कारकुनाच्या टेबलासमोर बसून होतो. शेवटी कशाने सुटलं? त्याच्या मुलाला क्रिकेटचं वेड होतं. त्याला घेऊन आपल्या वकिलातीच्या मॅचला ये म्हटलं, दुसऱ्या दिवशी शिक्का बसला. तुमच्या भाषेत याला मुत्सद्देगिरी म्हणतात का मला माहीत नाही पण माझ्या टेन्युअरचा मोठा भाग हाच होता.

पण तुझ्यासाठी मुद्दा वेगळाच आहे. अटॅशे सहसा कर्नल, ब्रिगेडिअर किंवा नेव्ही-एअरफोर्समधली त्या दर्जाची माणसं होतात. चांगले कमांड रिपोर्ट, बहुतेक वेळा वेलिंग्टनचा स्टाफ कोर्स, मग सिलेक्शन, मग भाषा लागत असेल तर भाषा. तू एसएससी. दहा वर्षं, वाढवली तर चौदा. त्या आधी तू तिथे पोचतच नाहीस. म्हणजे अटॅशेचं स्वप्न असेल तर तुझी पहिली पायरी पर्मनंट कमिशन (निवृत्तीपर्यंतची फौजेतली नोकरी) आहे, आयएफएस नाही. हे मेसमध्ये कोणी सांगितलं का? नसेल सांगितलं.

कर्नल व्हायच्या आधी काय करता येतं? भाषा. पचमढीला एज्युकेशन कोअरच्या सेंटरला भाषा शिकवतात, दिल्लीला स्कूल ऑफ फॉरेन लँग्वेजेस आहे. चिनी शिकलेल्या ऑफिसरला आज फौजेत मागणी आहे, चुशूल, बुमला, नथू ला इथल्या चिनी सैन्याबरोबरच्या बॉर्डर पर्सोनेल मीटिंगमध्ये दुभाषा म्हणून बसणारा कॅप्टन किंवा मेजर जे ऐकतो ते दिल्लीत कोणी ऐकत नाही. समोरच्याने "विचार करू" म्हटलं म्हणजे नाही की हो, हे त्यालाच कळतं. दुसरं यूएन. बटालियनबरोबर जाता येतं, मेजर झाल्यावर स्टाफ ऑफिसर किंवा मिलिटरी ऑब्झर्व्हर म्हणून एकट्याने जाता येतं.

आणि जुन्या माणसांचं म्हणशील तर आपल्याकडे उदाहरणं आहेत आणि ती मराठी आहेत. जनरल थोरात, कोल्हापूरकडचे, १९५३-५४ ला कोरियात कस्टोडियन फोर्स घेऊन गेले होते. घरी परत जायला नकार देणारे बावीस हजारांवर युद्धकैदी, बाहेर दोन्ही बाजूंचे लोक त्यांना पटवायला टपलेले, छावणीत रोज गडबड, आणि आपल्या जवानांना शक्यतो गोळी न चालवता ते सांभाळायचं. या कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या. दोघेही सैनिक, काम मात्र शंभर टक्के डिप्लोमसीचं. आणि कॅप्टन राम साठे. काशगरला आपली वकिलात होती तिथले भारताचे शेवटचे कॉन्सुल जनरल, मूळ फौजेतले, पुढे परराष्ट्र खात्यात चढत चढत १९७९ ते ८२ परराष्ट्र सचिव. त्यांच्या काळी सर्व्हिस नुकतीच उभी राहत होती, माणसं हवी होती, म्हणून फौजेतून येणं सोपं होतं. आता तसं नाही.

घोडबंदर_लोकल

कर्नल साहेब, मान्य. फक्त "जनरल लोक राजदूत होतातच" या वाक्यावर एक जोड देतो, कारण कॅप्टनच्या डोक्यातून ते जायला हवं. करिअप्पा ऑस्ट्रेलियाला, थापर अफगाणिस्तानला, जनरल चौधरी कॅनडाला, बेवूर डेन्मार्कला, अर्जन सिंग स्वित्झर्लंडला आणि मग केनियाला, अॅडमिरल कटारी ब्रह्मदेशाला, एअर चीफ मार्शल लतीफ आधी आपल्याकडे मुंबईला राज्यपाल आणि नंतर फ्रान्सला राजदूत, अलीकडे जनरल सुहाग सेशेल्सला. ही सगळी सरकारने निवृत्तीनंतर केलेली नेमणूक आहे. आयएफएस केडरचा त्याच्याशी काही संबंध नाही. आधी सैन्यदलाचा प्रमुख हो आणि मग सरकारला तू हवा असशील तर, असा तो मार्ग आहे 😀

राम साठेंसारखा खरा "बदल" मला अजून एकाच नावात दिसतो, मेजर बॉब खाथिंग. मणिपूरचे. १९५१ मध्ये तवांगला तिरंगा नेणारा माणूस. फ्रंटिअर सर्व्हिसमधून (सीमाभागाच्या तेव्हाच्या प्रशासकीय सेवेतून) आले आणि सत्तरच्या दशकात ब्रह्मदेशात राजदूत झाले. पण तेही पुन्हा त्या काळचंच.

कोपरीचा_कॅप्टन

कर्नल सर, अजिबात राग नाही, उलट पर्मनंट कमिशनचा मुद्दा खरंच कोणी नव्हता सांगितला. घोडबंदर भाऊ, अटेम्प्टचं लिहिलंत ते बरं झालं, मी येत्या प्रीलिमला तयारीशिवाय बसणारच होतो. सीनिऑरिटीचं मात्र कोणी बोललं नाही. आणि समजा मिळालंच तर सुरुवातीची वर्षं प्रत्यक्षात कशी असतात?

घोडबंदर_लोकल

सीनिऑरिटी शून्यापासून. तुमची बॅच म्हणजे तुमच्याबरोबर निवडलेली पोरं, त्यातली काही २४-२५ ची. आज कॅप्टनचं मूळ वेतन ६१,३०० पासून सुरू होतं, मेजरचं ६९,४०० पासून, आणि तिकडे नवा अधिकारी ५६,१०० पासून. परदेशात गेल्यावर फॉरेन अलाउन्स वेगळा मिळतो त्यामुळे पैशाचं गणित नंतर बदलतं, पण पहिल्या दिवशी तुम्ही खाली उतरता हे धरून चाला. मसुरीला फाउंडेशन कोर्स, मग दिल्लीला सुषमा स्वराज इन्स्टिट्यूट, मग एक भाषा वाट्याला येते ती शिकायला त्या देशात थर्ड सेक्रेटरी म्हणून. भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी पक्की होत नाही. तिशी ओलांडल्यावर अरबी लिपी किंवा चिनी अक्षरं घोटायची तयारी आहे का बघा.

सानपाड्याची_लेक

सुरुवातीची वर्षं कशी असतात त्याबद्दल मी सांगते. मिस्टर परराष्ट्र खात्यात आहेत (आयएफएस नाही, स्टाफमध्ये), आम्ही आखातात एका वकिलातीत होतो. माहेर सानपाडा.

लोकांना वाटतं करार आणि शिखर परिषद. आमच्याकडे नवीन आलेल्या तरुण अधिकाऱ्याला कॉन्सुलर विभाग मिळाला होता. त्या टेबलावर काय येतं तर पासपोर्ट मालकाने ठेवून घेतलाय असे कामगार, तुरुंगात असलेली माणसं, आणि मृत्यू. कोणी साइटवर पडून गेला, कोणी झोपेतच गेला. मग बॉडी गावी पाठवायची. त्यासाठी तिथला मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचं सर्टिफिकेट, पासपोर्ट कॅन्सल करणं, घरच्यांचं संमतिपत्र, पोलिसांची परवानगी, एअरलाइनचं कार्गो बुकिंग. मालक पैसे देत नसेल तर कम्युनिटी वेल्फेअर फंडातून करायचं, त्याच्या मंजुरीचा कागद वेगळा. आणि त्या दरम्यान गावाहून त्या माणसाच्या भावाचा दर तासाला फोन. फोनवर भावाला फक्त एवढंच हवं असतं की कधी येणार ते सांगा. त्या मुलाने एकदा गुरुवारी रात्री, म्हणजे तिकडे तेव्हा वीकएंडच्या आदल्या रात्री, हॉस्पिटलच्या शवागाराच्या क्लार्कला घरून उठवून आणलं होतं कारण शुक्रवारची फ्लाइट चुकली असती तर तीन दिवस गेले असते. मी त्यांच्या घरी डबा पाठवला तो तसाच परत आला.

हे काम फौजवाल्याला जमेल असं माझं मत आहे. जवान गेल्यावर त्याच्या घरच्यांशी बोलायची सवय तुम्हाला असते, पंचवीस वर्षांच्या नवीन मुलाला नसते.

आता बायकोबद्दल, कारण ते तुम्ही विचारलंत आणि इथल्या पुरुष मंडळींनी सोयीस्कर सोडून दिलं 😏 दर दोन-तीन वर्षांनी देश बदलतो. बऱ्याच देशांत जोडीदाराला नोकरी करायची परवानगी नसते, काही देशांशी आपला तसा करार आहे तिथे मिळते, तीही सगळे कागद करून. आयटी आहे म्हणजे रिमोट होईल असं समजू नका, डिप्लोमॅटिक व्हिसावर राहून भारतातल्या कंपनीचं काम करायचं तर खात्याची परवानगी, टॅक्स, कंपनीची सिक्युरिटी पॉलिसी, सगळं आडवं येतं. मी स्वतः शिक्षिका होते, ती नोकरी सुटली ती सुटलीच. मुलांच्या शाळांचा खर्च सरकार बघतं पण प्रत्येक वेळी नवा अभ्यासक्रम. तिला आत्ताच सगळं सांगा, लग्नाच्या याद्या व्हायच्या आधी.

बेलापूरचा_बंड्या

ताई तुमचं वाचून गप्प झालो. माझा चुलतभाऊ दम्माममध्ये गेला तेव्हा असंच कोणीतरी केलं असणार, आम्हाला नाव पण माहीत नाही त्यांचं.

खारघर_रिटायर्ड

ताईंनी लिहिलं ते कॅप्टनने दोनदा वाचावं.

माझ्या बाजूने एक स्पष्ट सांगतो. औंधला लायझनचं काम आवडलं म्हणून आयएफएस, ही उडी मोठी आहे. तुला परदेशी सैन्यांबरोबर काम आवडतं की परराष्ट्र धोरण आवडतं हे आधी बघ. पहिलं असेल तर पर्मनंट कमिशन, भाषा, यूएन, पुढे अटॅशे, तुझ्यासारख्यासाठी हा रस्ता जास्त भक्कम आहे, आणि २०२४ पासून आफ्रिकेतल्या अजून देशांत आपण अटॅशे पाठवतोय, जागा वाढतायत. दुसरं असेल तर मग यूपीएससी, आणि मग दहा वर्षांची वाट बघू नकोस. मला स्वतःला विचारशील तर तुझ्या पोस्टमध्ये झेंडे आणि सॅल्यूट जास्त आहेत, पॉलिसी एका ओळीचीही नाही. तू राहा फौजेत असं माझं मत. बाबांचं आणि माझं एकमत झालं बघ, पण कारण वेगळं. फायली फौजेत पण उचलाव्या लागतात, त्यांना सांग.

घोडबंदर_लोकल

कर्नल साहेबांशी इथे जरा असहमत. पोस्टमध्ये पॉलिसी नाही म्हणून आवड नाही असं कसं? फील्डमध्ये बसून कोण पॉलिसी वाचतो. आधी एक साधी चाचणी करा कॅप्टन. वर्षाची साठ दिवस रजा असते तुम्हाला, त्यातली एक रजा घरी घ्या आणि पॉलिटिकल सायन्स-आंतरराष्ट्रीय संबंध या ऑप्शनलचा (मेन्समधल्या ऐच्छिक विषयाचा) दुसरा पेपर मागच्या पाच वर्षांचा काढून बसा. भारत-नेपाळ, हिंदी महासागर, अणुप्रसार, डब्ल्यूटीओ. वाचायला मजा आली तर पुढे जा, झोप आली तर कर्नल साहेब बरोबर. ठाण्यात महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशिक्षण संस्था आहे, तिथे जाऊन पोरांशी बोला, क्लासची जाहिरात वाचून काही कळत नाही. परीक्षेला बसायचं तर युनिटमार्फत रीतसर परवानगी घ्या, लपवून फॉर्म भरलात तर इंटरव्ह्यूच्या टप्प्याला अडकाल.

कोपरीचा_कॅप्टन

सगळ्यांचे खूप आभार. सानपाड्याच्या ताई, तुमची पोस्ट तिला फॉरवर्ड केली. तिचा रिप्लाय आला, "डिप्लोमॅटिक व्हिसावर काम करता येणारे देश कुठले ती यादी आण, मग बोलू." म्हणजे अजून नाही म्हटलेलं नाही.

पर्मनंट कमिशनचा बोर्ड मला अजून लांब आहे, त्यामुळे चिनीच्या कोर्ससाठी नाव द्यायचं ते पहिलं करतो, ते दोन्हीकडे उपयोगी पडेल. ऑक्टोबरात रजा आहे, पेपर तेव्हा काढतो. एक शेवटचं, मेन्स मराठीतून लिहिली तर आयएफएसच्या इंटरव्ह्यूत वाईट दिसतं का?

घोडबंदर_लोकल

नाही. मेन्सची भाषा आणि इंटरव्ह्यूची भाषा वेगळी ठेवता येते. इंग्रजीचा एक पेपर सगळ्यांना असतो, तो फक्त २५ टक्क्यांनी पास व्हायचा असतो, मराठीचाही तसाच. तुम्ही ऑफिसर आहात, इंग्रजीत रिपोर्ट लिहिता, तुम्हाला इंग्रजीतूनच सोपं जाईल, उगाच भावनेच्या भरात माध्यम निवडू नका. मराठीच्या क्वालिफाइंग पेपरकडे मात्र दुर्लक्ष नको, ओटीएनंतर कोणी मराठीत सलग निबंध लिहिलेला नसतो आणि तो पेपर उडाला तर बाकीच्या कॉप्या तपासल्याच जात नाहीत.

सानपाड्याची_लेक

यादीचं मी मिस्टरांना विचारते. ते रविवारी फोनवर असतात, तेव्हा सांगते.